फाटकाबाहेरची मुले

आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीत एक सार्वजनिक उद्यान आहे आणि त्याचे लवकरच नूतनीकरण व्हायचे आहे. आराखडा तयार झाला, लोकांना दाखविण्यात आला आणि तो पाहून आपल्या भाविकांपैकी पुष्कळांनी समाधान व्यक्त केले. समाधान वाटावे असे त्यात बरेच आहे. कारंजे आहे, चालण्यासाठी वर्तुळाकार वाट आहे, ज्येष्ठांसाठी बाके आहेत, उघड्यावर व्यायाम करण्याची साधने आहेत, छायाचित्र काढून घेण्यासाठी रंगीत कमान आहे. मुलांसाठी घसरगुंड्या, झोपाळे आणि एक चक्री आहे. एकच गोष्ट नाही. जे मूल व्हीलचेअरवर बसते, जे कुबड्यांच्या आधाराने चालते, ज्याला दिसत नाही, किंवा जे गोंगाटाने भेदरून जाते, ते ह्या खेळाच्या जागेपर्यंत पोहोचणार कसे आणि पोहोचल्यावर खेळणार काय, ह्याचा आराखड्यात विचार नाही. हा प्रश्न सभेत निघाला तेव्हा जी उत्तरे ऐकू आली ती केवळ अधिकाऱ्यांची नव्हती. त्यांतली काही आपल्याच माणसांची होती. म्हणूनच हा विषय ह्या पृष्ठांवर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

उत्तरे चार होती. पहिले, अशी मुले आपल्या भागात आहेतच किती? दुसरे, एवढा खर्च कोणी करायचा? तिसरे, त्यांना इजा झाली तर जबाबदारी कोणाची? चौथे उत्तर सर्वांत गोड होते. त्या मुलांसाठी आपण एक वेगळी, खास बाग उभारू. हवे तर देणगीदारही मिळतील. सभेने ह्या चौथ्या उत्तराला टाळ्या दिल्या. आमचे म्हणणे असे की, चारांपैकी हेच उत्तर सर्वांत अधिक घातक आहे. परंतु क्रमाने जाऊ.

अशी मुले आहेत किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील होत्या. राज्याच्या लोकसंख्येशी हे प्रमाण शेकडा अडीचपेक्षा थोडे अधिक पडते. पाच हजार भाविकांच्या एखाद्या धर्मग्रामाला हेच प्रमाण लावून पाहिले तर सव्वाशेहून अधिक माणसे होतात. त्यांत वृद्ध असतील, प्रौढ असतील आणि मुलेही असतील. शिवाय ही गणना जुनी असून तीत आठच प्रकार धरले होते. स्वमग्न मुलांसाठी स्वतंत्र रकानाच नव्हता. पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकार मान्य केले. तेव्हा कागदावर दिसतात त्याहून ही माणसे अधिक आहेत, असेच समजले पाहिजे.

मग ती दिसत का नाहीत? घरोघरी आशीर्वादासाठी किंवा आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी जाणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला ह्याचे उत्तर ठाऊक असते. ती आतल्या खोलीत असतात. ती ओटीवरच्या खुर्चीत असतात. त्यांच्या मावश्या, आत्या त्यांना ओळखतात, परंतु तीन घरे पलीकडच्या समवयस्क मुलाला त्यांचे नाव सांगता येत नाही. दहा वर्षांचे मूल गावात राहते आणि गावातल्या एकाही मुलाशी त्याचे भांडण झालेले नसते, इतके ते एकटे असते. ज्या बागेत शिरता येत नाही त्या बागेत ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याच्यासाठी वाट करण्याची गरज कोणाला भासत नाही. खाडीवर होडीची फेरीच नसावी आणि धक्क्यावर बसून आपण उतारू मोजावेत, अशातला हा प्रकार आहे. उतारू नाहीत हा निष्कर्ष बरोबरच निघणार.

आता खर्चाकडे वळू. खर्चाचा आक्षेप घेणारा माणूस बहुधा मनात परदेशी बनावटीच्या महागड्या झोपाळ्याचे चित्र धरून बोलत असतो. वस्तुतः पहिला अडथळा खेळणे हा नसतोच. पहिला अडथळा असतो फाटक. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून प्रवेशद्वाराशी लोखंडी नळ्यांची नागमोडी अडवणूक केलेली असते. मोटारसायकलवाला दुसरीकडून वाट काढतो. व्हीलचेअर मात्र तेथेच अडकते. चाकाच्या खुर्चीला साधारण ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी लागते. एवढी रुंदी ठेवण्यास पैसे लागत नाहीत, आराखडा काढणाऱ्याला ते आठवावे लागते. फाटकानंतर येते ती वाट. खेळाच्या जागेभोवती आपण विटांची किंवा सिमेंटची वीतभर उंच कड बांधतो आणि आत वाळू टाकतो. त्या कडेवरून चाक चढत नाही आणि वाळूत ते रुतते. कड एका ठिकाणी मोडून तेथे उतार दिला आणि झोपाळ्यापर्यंत टणक, सपाट पट्टा नेला, तर अर्धे काम झाले.

उताराचे गणितही सोपे आहे. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी, हे प्रमाण आपल्याकडील शासकीय मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. चार फूट उंचीच्या मंचाला उतार करायचा तर अठ्ठेचाळीस फूट लांबी लागेल आणि मध्ये थांबण्यासाठी सपाट जागाही ठेवावी लागेल. छोट्या बागेत एवढी जागा नसते हे आम्हांस मान्य आहे. परंतु सगळेच खेळ उंचावर असले पाहिजेत असा नियम कोणी केला? जमिनीच्या पातळीत बसविलेली चक्री, जिच्यावर व्हीलचेअर थेट ढकलता येते. पाठीला आधार असलेला झोपाळा. पाखराच्या घरट्यासारखा गोल झोपाळा, ज्यात बसता न येणारे मूल आडवे होऊन दुसऱ्या मुलाबरोबर झोके घेऊ शकते. कमरेएवढ्या उंचीवर ठेवलेली वाळूची व पाण्याची परात. हाताने वाजविण्याच्या नळ्या. बोटांनी चाचपता येतील अशी अक्षरे आणि आकार. घसरगुंडीच्या पायथ्याशी फूट-दीड फूट उंचीचा एक रुंद ओटा केला, तर खुर्चीवरचे मूल त्यावर सरकून बसते आणि हातांच्या बळावर पायऱ्या चढते. स्वमग्न मुलासाठी तर काही विकत घेण्याचीही गरज नाही. झाडाखाली, गलक्यापासून थोडा दूर, अर्धवट आडोसा असलेला एक शांत कोपरा राखला म्हणजे झाले. त्याला गोंधळ असह्य झाला की ते तेथे जाऊन बसते आणि बरे वाटले की परत खेळायला येते.

काही साधनांना पैसा लागतो हे खरे. खाली अंथरायचा रबरी थर स्वस्त नसतो आणि आपल्या कोकणपट्टीतील चार महिन्यांच्या पावसात त्याखालचे पाणी निघून जाण्याची सोय केली नाही तर तो उखडतो. परंतु पैसा नाहीच असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असे राज्य शासनाचे आदेश आहेत. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. ही रक्कम आपल्या भागात किती जमली, किती खर्च झाली आणि कशावर, हे विचारण्याचा अधिकार २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. कारंज्याचा पंप बंद पडला की कारंजे हे डासांचे टाके होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या कारंज्याच्या खर्चाबद्दल सभेत कोणी चकार शब्द काढला नाही. कंजुषी नेमकी ह्याच मुलांच्या वाट्याला का यावी?

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो घेणारी माणसे मायाळू असतात, हे आम्ही जाणतो. परंतु ह्याच बागेत आजवर घसरगुंडीच्या तोंडाशी सिमेंटचा कोबा होता, झोपाळ्याच्या साखळ्या गंजलेल्या होत्या, आणि तेथे आपली धडधाकट मुले खेळत असताना जबाबदारी कोणाची, असे कोणी विचारले नव्हते. मुलाला खेळताना खरचटते. ते पडते, रडते, पुन्हा चढते. आपले मूल पडले तर आपण त्याला वाढीचा भाग म्हणतो. अपंग मूल पडेल ह्या नुसत्या कल्पनेने आपण त्याला घरी बसवतो. इंग्लंडमध्ये लेडी ॲलन ऑफ हर्टवुड ह्या बाईंनी ह्याच समजुतीशी झुंज दिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, डेन्मार्कमधील एम्ड्रप येथे टाकाऊ लाकूड, विटा, दोर ह्यांनी मुलांनी स्वतः उभारण्याचे एक क्रीडांगण सुरू झाले होते. ते पाहून बाईंनी ती कल्पना ब्रिटनमध्ये आणली आणि पुढे १९७० साली लंडनच्या चेल्सी भागात खास अपंग मुलांसाठी असे साहसी क्रीडांगण उघडले. ही मुलेही चढतील, भिजतील, चिखलात लोळतील आणि त्यांना तो हक्क आहे, हा त्यांचा आग्रह होता. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आपण अजून जबाबदारी कोणाची ह्याच प्रश्नाशी अडलो आहोत.

शिवाय खरी सुरक्षितता ही दारे बंद करून येत नाही, माहिती करून घेतल्याने येते. एक उदाहरण देतो. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांवर आता कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसविण्याची शस्त्रक्रिया होते. प्लास्टिकच्या घसरगुंडीवरून घसरताना अंगावर स्थिर वीज साठते आणि ती ह्या नाजूक यंत्राला बाधा करू शकते. म्हणून अशा मुलांच्या दृष्टीने पोलादी घसरगुंडी बरी. पोलाद मात्र आपल्या उन्हात तापते. तेव्हा ती झाडाच्या सावलीत किंवा उत्तरेकडे तोंड करून बसवावी लागते. ह्यात जास्त खर्च नाही. कोणीतरी त्या मुलांच्या आईवडिलांना बोलावून चार प्रश्न विचारले पाहिजेत, एवढेच. आराखडा करताना त्यांना कोणी विचारले होते काय?

आता चौथ्या उत्तराकडे येतो. वेगळी बाग. ही कल्पना आपल्याला इतकी आवडते ह्याला कारण आहे. वेगळ्या संस्था उभारण्याची आपल्या समाजाची परंपरा मोठी आहे आणि ती गौरवास्पदही आहे. १८८० च्या दशकात मुंबईच्या माझगावात बिशप लिओ म्यूरिन ह्यांनी मूकबधिरांसाठी शाळा काढली, ती भारतातील अशा प्रकारची पहिली शाळा मानली जाते. १९७२ साली मुंबईतच मिथू अलूर ह्यांनी मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. सर्वसाधारण शाळांची दारे बंद होती म्हणून ह्या संस्था जन्मल्या. त्यांनी जे केले ते दुसऱ्या कोणी केले नसते. परंतु शिकविण्याची पद्धत वेगळी असू शकते म्हणून शाळा वेगळी, हा युक्तिवाद खेळाला लागू पडत नाही. खेळाचा विषयच मुळी दुसरे मूल हा असतो. झोपाळा हे निमित्त आहे. आपली पाळी येण्याची वाट पाहणे, ती दुसऱ्याने बळकावली म्हणून भांडणे, समेट करणे, हसे होणे आणि हसणे, हे सगळे दुसऱ्या मुलांखेरीज कसे घडणार?

ज्या घरात दोन भावंडे आहेत त्या घरातील आईचा विचार करा. मुलगी धावते, मुलगा व्हीलचेअरवर आहे. आठ किलोमीटरवर मुलासाठी खास बाग झाली. रविवारी संध्याकाळी आईने कोणाला घेऊन कोठे जायचे? वेगळ्या बागेने त्या मुलाला खेळणे दिले आणि बहीण काढून घेतली. नागपूरच्या पारडी भागात मोठे समावेशक उद्यान उभारण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. अशा प्रकल्पांना आमचा विरोध नाही. परंतु मूल रोज खेळते, आणि रोज खेळायला घराजवळची बाग लागते. दूरच्या शहरातील भव्य उद्यान वर्षातून एकदा सहलीला जाण्यापुरते.

एकाच बागेत वेगळा कोपरा करण्याचेही काय होते, ते ऑस्ट्रेलियात दिसून आले. तेथे व्हीलचेअरसह बसता येईल असा एक झोपाळा बनविण्यात आला. नाव मोठे सुंदर, लिबर्टी स्विंग, म्हणजे स्वातंत्र्याचा झोपाळा. वजनदार असल्याने इतर मुलांना तो लागू नये म्हणून त्याभोवती कुंपण घालावे लागले, आणि कुंपणाच्या फाटकाला कुलूप. किल्ली असलेल्यानेच ते उघडायचे. हेतू शुद्ध होता, कारागिरी उत्तम होती, आणि पुष्कळ मुलांना त्याने पहिला झोका दिला हेही खरे. पण दृश्य काय दिसते? एक मूल पिंजऱ्यात झोके घेते आहे आणि बाकीची बाहेर उभी राहून पाहत आहेत. त्या मुलाला सगळ्यांच्या नजरा मिळाल्या, सवंगडी मिळाला नाही. आपल्या सभेत टाळ्या पडल्या त्या ह्या दृश्यासाठी.

ह्याउलट अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील वेस्ट हार्टफर्ड येथे १९९६ साली जे क्रीडांगण उभे राहिले, त्याची हकिकत आपल्या समाजाने मुद्दाम ऐकावी. एमी बार्झॅक ह्या बाईंनी एका बागेत व्हीलचेअरवर बसून इतर मुलांचा खेळ दुरून पाहणारी एक मुलगी पाहिली होती. पुढे त्यांचे स्वतःचे तान्हे मूल, जोनाथन, स्नायू दुबळे करणाऱ्या एका आनुवंशिक आजाराने दगावले. त्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी व त्यांच्या पतीने सर्व मुलांनी एकत्र खेळावे असे क्रीडांगण उभारण्याचा ध्यास घेतला आणि कितीतरी स्वयंसेवकांच्या हातांनी ते उभे केले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्यासाठी जागा मिळाली ती तेथील ज्यू समाजकेंद्राच्या आवारात. एका अल्पसंख्य धर्मसमाजाने आपले आवार उघडले आणि आमच्या मुलांसाठी अशी पाटी न लावता सर्वांच्या मुलांसाठी उघडले. दुःख झालेल्या माणसांनी संगमरवरी फलक मागितला नाही, वाट मागितली.

कायदा काय म्हणतो, हेही आपल्या माणसांना ठाऊक असावे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळात, करमणुकीत भाग घेता आला पाहिजे असे स्पष्ट कलम आहे, आणि २००७ साली भारताने त्या करारास मान्यता दिली. त्याला अनुसरून आलेला २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. सार्वजनिक इमारती नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम करण्याचे बंधन त्यात आहे. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवणारा नियम अवैध ठरविला आणि ते बंधनकारक करण्यास सरकारला सांगितले. तेव्हा फाटक रुंद करणे, वाट सपाट करणे ह्या गोष्टी कोणाच्या दयेवर अवलंबून राहिलेल्या नाहीत. जे कायद्याने देणे आहे ते देणगी म्हणून देता येत नाही. मधल्या काळात शासनाने शब्द बदलला. अपंगांचे दिव्यांग झाले. शब्द आदराचा आहे, आमची त्याविषयी तक्रार नाही. पण फाटकावरच्या लोखंडी नळ्या शब्द बदलल्याने वाकत नाहीत.

येथवर आम्ही दुसऱ्यांना बोललो. आता घरात डोकावू. त्याच अधिनियमात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे तीत धार्मिक उपयोगाच्या इमारतीही येतात. आपली चर्चे, सभागृहे, धर्मशिक्षणाचे वर्ग, सणाच्या दिवशी गजबजणारी मैदाने, ह्यांपैकी किती ठिकाणी चाकाची खुर्ची कोणी चार जणांनी न उचलता आत जाते? ज्यांच्या चर्चच्या पुढच्या दाराला सात पायऱ्या आहेत आणि उतार कोठेच नाही, त्यांनी उद्यानाच्या आराखड्यावर बोट ठेवावे काय? आम्ही म्हणतो, अवश्य ठेवावे. पण दुसरे बोट आपल्या दाराकडेही असावे.

पक्षाघात झालेल्या माणसाला छपरातून खाली सोडल्याची शुभवर्तमानातील हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या चौघा मित्रांच्या श्रद्धेचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांना छप्पर उघडावे का लागले? दारात गर्दी होती आणि गर्दीतला एकही माणूस बाजूला सरला नाही म्हणून. ती गर्दी नास्तिकांची नव्हती. प्रवचन ऐकायला आलेल्या भाविकांचीच होती. आणखी एक गोष्ट. अपंग मूल जन्मले की आपल्या काही घरांतून अजूनही कुजबुज होते की, कोणाच्या पापाचे हे फळ? जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला होता आणि प्रभूने तो तेथल्या तेथे मोडीत काढला. दोन हजार वर्षांपूर्वी निकालात निघालेला प्रश्न आपण कोणत्या तोंडाने पुन्हा विचारतो? ह्याच कुजबुजीमुळे आया आपली मुले आतल्या खोलीत ठेवतात. मग सभेत आपणच विचारतो, अशी मुले आहेत किती?

आम्हांस काय हवे ते आता थोडक्यात सांगतो. उद्यानाचा आराखडा अजून कागदावर आहे. कागदावरची रेघ पुसायला खोडरबर पुरते. बांधलेली कड फोडायला घण लागतो. तेव्हा वेळ हीच आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर धर्मग्रामातील तरुणांनी मोजपट्टी घेऊन उद्यानात जावे. फाटकाची मोकळी रुंदी, कडेची उंची, फाटकापासून झोपाळ्यापर्यंतच्या वाटेतील पायऱ्या व खड्डे ह्यांची नोंद करावी. बरोबर एखादी व्हीलचेअर न्यावी आणि तिच्यावर बसून जाऊन पाहावे. पालकीय परिषदेने, ज्या घरांत अशी मुले आहेत त्यांच्या आईवडिलांना सन्मानाने बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे आणि ते, शक्य तर त्यांच्याच शब्दांत, संबंधित अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावे. ५ टक्के निधीचा हिशेब माहिती अधिकारात मागवावा. अर्ज केवळ आपल्या नावाने जाऊ नये. शेजारच्या आळीतील हिंदू, मुसलमान, बौद्ध कुटुंबांतही ही मुले आहेत आणि बाग सर्वांची आहे. सह्या सर्वांच्या असाव्यात.

मागणीही नेमकी असावी. वेगळी बाग नको, कुलपातला झोपाळा नको, देणगीदाराच्या नावाचा कोपरा नको. ह्याच बागेत, ह्याच झोपाळ्यांच्या रांगेत, ह्याच फाटकातून. फाटक रुंद, वाट टणक, एक चक्री जमिनीच्या पातळीत, एक गोल झोपाळा, एक पाठीचा झोपाळा, घसरगुंडीला ओटा, सावलीत एक शांत कोपरा आणि एक रुंद दाराचे स्वच्छतागृह. त्यासाठी कारंजे वगळावे लागले तर वगळावे. शिवाय वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, साधनांची तपासणी होईल असे लेखी आश्वासन घ्यावे. देखभालीवाचून चांगल्यातली चांगली सोय दोन वर्षांत मोडकळीस येते.

आणि अधिकाऱ्यांचे उत्तर येईपर्यंत आपण रिकामे बसू नये. चर्चच्या आवारातील मैदान आपले आहे. तेथे वाट करायला कोणाची निविदा लागत नाही. पावसाळा संपला की गवंडीकाम जाणणारे हात आपल्यात पुष्कळ आहेत. बाजूच्या दाराला उतार आणि मैदानाच्या कडेला एक टणक पट्टा, एवढे काम चार रविवारांत होण्याजोगे आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर मुले मैदानात धावत जातील, तेव्हा आतल्या खोलीतले मूलही त्या गोंधळात असावे, त्याची पाळी कोणी बळकावावी आणि त्याने त्याच्याशी कडाडून भांडावे, एवढीच आमची मागणी आहे.